भावी आमदारांनी दवाखान्याच्या नादी लागू नये

चौकातल्या फ्लेक्सवर तुमच्या नावामागे 'भावी आमदार' लागलं असेल, तर एक फुकटचा सल्ला. सर्वांना सरकारी खर्चाने उपचार, हा विषय जाहीरनाम्यात जरूर घ्या; फक्त शेवटून दुसऱ्या पानावर, तीर्थक्षेत्र विकासाच्या खाली. भाषणात मात्र चुकूनही नको.

कारण बघा. केसपेपर काढला, डॉक्टर जागेवर भेटले, खिडकीवर गोळ्या मिळाल्या आणि माणूस घरी गेला, तर यात तुम्ही कुठे आलात? तो तुमचं नाव कशाला घेईल? त्यापेक्षा डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'बाहेरून आणा' लिहावं, घरच्यांनी मंगळसूत्र सोनाराकडे ठेवावं, आणि रात्री अकराला तुमच्या पीएने खासगी हॉस्पिटलात फोन करून बिलातले पंधरा हजार कमी करून द्यावेत. ते घर पुढच्या तीन निवडणुका तुमचं. तेव्हा लेटरहेड भरपूर छापून घ्या. रुग्णवाहिकेचं लोकार्पण करा, फोटो मागच्या दारावरही हवा. (डिझेल कोण भरणार, हा लोकार्पणानंतरचा प्रश्न.)

योजनांचंही तसंच. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी, २०१७ साली तीच महात्मा फुले जन आरोग्य. पुढे उपचारखर्चाची मर्यादा पाच लाखांवर गेली. सभेत 'पाच लाख' म्हणा आणि टाळ्यांसाठी थांबा. यादीत बसणाऱ्या आजारालाच पैसे मिळतात, बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या त्यात नाहीत, असलं सांगत बसलात तर मंडप रिकामा होईल.

एखादा अभ्यासू कार्यकर्ता इंग्रजांच्या काळातली आरोग्यावरची भोर समिती काढेल: ऐपत नाही म्हणून कुणाचे उपचार अडू नयेत, हे १९४६ सालीच लिहून ठेवलंय म्हणेल. त्याला जिल्हा चिटणीस करून टाका. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के करायचं ठरलं होतं. २०२५ आलं न् गेलं, कुठे एक टायर जळला? टक्क्यांसाठी रास्ता रोको होत नसतो.

थायलंडचं मात्र कुणाच्या कानावर जाऊ देऊ नका. थाकसिन शिनावात्रांनी २००१ मध्ये 'तीस बाहतमध्ये उपचार' म्हणत निवडणूक मारली आणि वर ते खरंच लागू केलं. २००६ मध्ये लष्कराने त्यांना घालवलं. योजना बंद व्हायची सोडून ते तीस बाहतही माफ झाले. नेता गेला, योजना राहिली! याला काय राजकारण म्हणायचं?

आणि कधी अंगाशी आलंच, तर नांदेड आठवा. २०२३ मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन कॅमेऱ्यासमोर स्वच्छतागृह साफ करून घेतलं. पुढे त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला, ते सोडा. औषधांचं आणि रिक्त जागांचं बोलणं निदान दोन दिवस मागे पडलं की नाही?

सभेत एखादी बाई उठून विचारेलच, "आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर कधी येणार?" गडबडू नका. "ताई, कार्ड काढलंय का तुम्ही?" असं हसून विचारा, आणि डीजेवाल्याला आधीच खूण करून ठेवा.