‘बटण दाबायला कसले आलेत कष्ट?’

काका, तुमची प्रतिक्रिया मी मांडवी एक्सप्रेसमध्ये, कणकवली सुटल्यावर वाचली. लगेच उत्तर लिहायलाही घेतलं होतं. मग बोगदे लागले, नेट गेलं, आणि ते बरंच झालं. पहिलं उत्तर जरा जास्तच तिखट झालं होतं.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी क्लबात गाणी वाजवतो, म्हणजे डीजे. मागच्या लेखात मी शुक्रवारी गोव्यातलं वागातोर, शनिवारी अलिबाग आणि रविवारी रात्री परतीची गाडी अशी माझी एक फेरी लिहिली होती. त्यावर काका म्हणतात, बटण दाबायला कसले आलेत कष्ट? त्यांचे थोरले काका दशावतारात होते. पेटारा डोक्यावर घेऊन जत्रेमागून जत्रा पायी करायचे, ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’, तरी त्यांनी कधी रडगाणं गायलं नाही. आणि शेवटी, तुमच्यासारख्यांच्या डीजेमुळे शेजारच्या हळदीला आमच्या मांडणीवरची भांडी वाजतात.

भांड्यांपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. फक्त तो डीजे मी नव्हे. आपल्याकडे डीजे हा माणूस नसतोच, ती वस्तू असते. ‘हळदीला डीजे सांगितलाय’, ‘डीजे लावला’, ‘पोलिसांनी डीजे उचलला’. म्हणजे टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत. ती चालवणाऱ्याला लोक ऑपरेटर म्हणतात, किंवा काहीच म्हणत नाहीत. माझी आईसुद्धा शेजारणीला ‘माझो झील डीजे वाजयता’ असंच सांगते आणि ऐकणारी मनात तो टेम्पोच आणते. मी क्लबात वाजवतो, पण हात झटकत नाही. सुरुवातीचे दोन सीझन मी त्या भिंतीमागे उभा राहिलोय. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर नको हा नियम 2000 सालापासून आहे आणि वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. तेव्हा मला हे दोन्ही माहीत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. 100 डेसिबलचा आवाज कानाला दिवसातून पंधरा मिनिटंच सोसतो असं सुरक्षेचं कोष्टक सांगतं. आम्ही चार-चार तास उभे असायचो. आज खोलीत सगळं शांत झालं की माझ्या डाव्या कानात बारीक सूं चालू असते. आता कानात बोळे घालूनच वाजवतो. तुमच्या भांड्यांची मी माफी मागतो, पण माझ्या कानाचाही हिशेब त्याच वहीत लिहा.

आता बटण. हो, बटण आहे. आणि एखादा नुसतं तेच दाबत असेल तर पैसे मागून परत घ्या, माझी हरकत नाही. पण मोरजीकडची गेल्या डिसेंबरातली एक रात्र सांगतो. किनाऱ्यावरच्या शॅकवर पोचलो तर मॉनिटर बंद. मॉनिटर म्हणजे वाजवणाऱ्याच्या कानाशी ठेवलेला स्पीकर. मोठे स्पीकर माझ्यापासून साधारण सतरा मीटर पुढे, तोंड लोकांकडे. यात अडचण काय असं तुम्हाला वाटेल. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे मी आता वाजवलेला ठोका मलाच सेकंदाच्या विसाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. गाणं मिनिटाला 124 ठोक्यांचं असेल तर दोन ठोक्यांत जेमतेम अर्धा सेकंद असतो. त्याचा दहावा भाग चुकला की संपलं. एका कानात हेडफोनमधलं पुढचं गाणं, दुसऱ्या उघड्या कानात वाळूवरून येणारं उशिराचं गाणं. हात आपोआप त्या उशिराशी जुळवायला जातो आणि लोकांना दोन गाणी मागेपुढे, घोड्याच्या टापांसारखी ऐकू येतात. गावातल्या मृदंगवाल्याला विचारा, झांजवाला देवळाच्या दुसऱ्या टोकाला बसवला तर काय होतं. शेवटी दोन्ही गाणी हेडफोनमध्येच घेतली, उघडा कान झाकला आणि अडीच तास समोरच्या आवाजावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवून वाजवलं. हे यंत्राला जमतं, असं तुम्ही म्हणाल. जमतं. ताल जुळवून देणारं बटणही आहे, आणि घरी सगळी गाणी आधी नीट तपासून ठेवली असतील तर ते छान चालतं. पण लोक नाचाकडून बारकडे कधी सरकायला लागले, आत्ता त्यांना दम खाऊ द्यायचा की ओढून आणायचं, हे त्याला कळत नाही. कधीकधी मलाही कळत नाही. त्या रात्री मी दोनदा ओढायला गेलो आणि दोनदा मैदान मोकळं केलं.

(त्याच रात्रीचे निम्मे पैसे ‘उद्या जीपे करतो’ या बोलीवर अजून यायचे आहेत. हे खरंखुरं रडगाणं आहे, आणि ते मी गाणार.)

पण तुमच्या प्रतिक्रियेतलं मला लागलं ते थोरल्या काकांचं. त्यांच्याशी बरोबरी करायची माझी लायकी नाही. आख्यान तेवढं ठरवायचं आणि संवाद उभ्या उभ्या रचायचे, तेही अशा प्रेक्षकांसमोर ज्यांना कथा तोंडपाठ आहे. रंग आपला आपणच लावायचा. रात्रभर उभं राहून पहाटे दहीकाला करायचा आणि परत पुढची जत्रा. माझा बोजा म्हणजे दोन पेनड्राइव्ह आणि एक हेडफोन. दुसरा पेनड्राइव्ह एवढ्यासाठी की पहिला कधी कधी क्लबातल्या जुन्या प्लेअरला ओळखताच येत नाही. सगळं शर्टाच्या खिशात मावतं. वजनाबद्दल मी मागच्या लेखात अवाक्षर काढलं नव्हतं, परत वाचून बघा.

मी लिहिलं होतं ते थिवी स्टेशनच्या बाकाबद्दल. आणि इथे, काका, मला वाटतं आपण दोघं वेगवेगळ्या गोष्टी बोलतोय. तुमच्या काकांबरोबर सगळी कंपनी चालायची. नाईक, पेटीवाला, मृदंगवाला, झांजवाला. रात्री ज्याने राक्षस मारला आणि जो मेला, ते दोघे सकाळी त्याच ओटीवर शेजारी घोरायचे. गाव जेवायला घालायचं. वाटेने चालताना कुणीतरी म्हणालं असेल, काल तुझा तो संवाद लांबला रे, किंवा काल तू रडवलंस. वागातोरला माझं संपतं तेव्हा दिवे भगभगीत लागतात आणि पोरं खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत असतात. टॅक्सीवाला झोपेत. पहाटेपासून थिवीच्या बाकावर मी आणि एक कुत्रा. काल एक वाजता एका गाण्यातून दुसऱ्यात केलेला तो बदल जमला की फसला, हे विचारायला माणूस नाही. मांडवी येते, कुडाळला दोन मिनिटं थांबते. माझं घर स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर, पण मी उतरत नाही. भाऊ खिडकीतून डबा देतो, आत भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. ‘कसा झाला?’ असं विचारेपर्यंत गाडी हलते. पनवेलला उतरायचं, वडखळला ट्रॅफिकमध्ये बसायचं, अलिबागला पोचून आवाज तपासायचा, आणि तिथल्या लोकांनी माझं वागातोरला काय फसलं ते न कळता नाचायचं. हे कष्ट आहेत असं मी म्हणत नाही. तुमच्या काकांना हे करावं लागलं नसतं, एवढंच म्हणतोय. पेटारा जड होता हे खरं, पण तो उचलताना दुसऱ्या बाजूला हात लावायला कुणीतरी होतं.

एक चूक मात्र मान्य. मागच्या लेखाच्या शेवटी ‘हे आयुष्य कुणाला कळणार नाही’ असं एक वाक्य होतं. ते नाटकी होतं, आज काढून टाकलं. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरचे शॅक उतरवलेले असतात, तेव्हा मी घरी भाताच्या लावणीला असतो आणि आमच्याइतकी चिखलात उभी राहिलेली माणसं मला रोज भेटतात. त्यांच्यासमोर ते वाक्य मोठ्याने वाचायची माझी हिंमत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत, ‘आपल्या गावच्या जत्रेत तरी रात्रभर बसशील का?’ यंदा जत्रा शनिवारी येते आणि शनिवार वागातोरला गेलाय, विसार घेतलाय. मी तिथून निघून गोव्याच्या हद्दीवर, पत्रादेवीच्या नाक्यावर बॅग उघडून दाखवेपर्यंत इथे सुरुवातीचा संकासूर येऊन गेलेला असेल, आख्यानही निम्मं झालेलं असेल. पण दहीकाल्याला पोचतो. देवळाच्या डाव्या अंगाला, मृदंगवाल्याजवळ जागा धरून ठेवा. उजवा कान अजून चांगला आहे.