आईने विचारलं, याने जोडवी घातलीत का?

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत कबुतरं निघाली. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्री टाकून बंद केला तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी हा विषय निघतोच, कोणी म्हणतं जाळ्या लावा, कोणी म्हणतं दाणे टाकणाऱ्यांना दंड करा. मला त्या वादात पडायचंच नव्हतं. मी फक्त आम्ही मॉरिशसला काढलेला गुलाबी कबुतराचा फोटो टाकला आणि लिहिलं, बघा, याच कुळातला पक्षी, अख्ख्या जगात फक्त या एका देशात रानात उरलाय. तर एकाचं उत्तर, "मॅडम, कबुतर ते कबुतर. आणि मी आत्ताच चेक केलं, जगभरच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत तो आता व्हल्नरेबल कॅटेगरीत आहे, म्हणजे वाचलाय. मग टेन्शन कसलं?" त्यावर सात जणांचे अंगठे.

त्या सात अंगठ्यांनी माझा अख्खा दिवस खाल्ला. तिथे भांडले नाही, शेजारी आहेत, रोज लिफ्टमध्ये भेटायचंय. पण इथे लिहिणार, कारण तुम्हाला तरी हे पहिल्यापासून समजवावं लागणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन मॉरिशसला गेलो होतो. बाकी सगळे बीचवर, आम्ही दोघी माहेबूरजवळच्या ईल ओ झेग्रेत नावाच्या छोट्याशा बेटावर. जेमतेम २६ हेक्टर, किनाऱ्यावरून समोर दिसतं, होडीने काही मिनिटांत पोचतो. तिथले उंदीर आणि मांजरी काढून टाकल्यात, एकेक परकं झुडूप उपटून मूळचं एबनीचं रान परत उभं केलंय. गाईड तरुण पोरगा होता, आडनाव चक्क मराठी, पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेले. घरी क्रिओल बोलतो, पण शाळेत मराठी शिकलेला. आईशी एकेक शब्द जुळवत बोलत होता आणि आई इतकी खूश की विचारू नका.

आणि मग तो पक्षी वाटेवरच्या फांदीवर येऊन बसला. आपल्या पारव्यापेक्षा थोडा मोठा, डोकं आणि पोट फिकट गुलाबी, पंख तपकिरी, शेपूट विटकरी. पायात रंगीत कडी. आईने हळूच विचारलं, "याने जोडवी घातलीत का?" त्या पोराला जोडवी कळलं नाही, मी समजावलं, तर तो हसला नाही. म्हणाला, आम्ही त्यावरून यांना ओळखतो, कोण कुठे जन्मला, कोणाची जोडी कोणाशी, सगळं लिहिलेलं असतं.

म्हणजे ज्या पक्ष्याचा जवळजवळ एकेक जण वहीत नोंदवावा लागतो, त्याला तुम्ही "वाचलाय" म्हणता?

१९९० च्या सुमारास रानात जेमतेम दहा उरले होते हो. दहा! आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर त्याहून जास्त पारवे बसतात. आणि ते दहा पण आपल्या मूळच्या झाडांवर नाही, लावलेल्या जपानी सुरूसारख्या झाडांच्या एका पट्ट्यात घरटी करायचे, तिथेही उंदीर अंडी खायचे. मॉरिशस गोव्याच्या निम्म्याहून थोडासा मोठा, त्यातलं मूळचं चांगलं रान दोन टक्केसुद्धा उरलेलं नाही. डच, फ्रेंच, इंग्रज, सगळ्यांनी तोडून ऊस लावला. माकडं बाहेरून आणली, उंदीर जहाजांतून उतरले, उंदीर मारायला साधारण १९०० साली मुंगूस आणले ते तर आपल्याकडून. आणलेल्या लाल पेरूच्या झुडपांनी उरलेलं रान भरून टाकलं, मूळच्या रोपांना वर यायला जागा नाही. यात त्या पक्ष्याची चूक काय, तर तो तिथे राहत होता.

आणि तिथे हे पहिल्यांदा घडत नव्हतं. डोडो माहितीये ना सगळ्यांना? तो कबुतराच्याच कुळातला. सतराव्या शतकात संपला. मग तिथलं निळं कबुतर, तेही १८३० च्या दशकापर्यंत संपलं. त्या देशाचं स्वतःचं असं कबुतर म्हणून आता हा गुलाबी एकटा. एकटा!

हो, कॅटेगरी बदलली ही चांगलीच बातमी आहे, मान्य. आधी क्रिटिकली एन्डेंजर्ड, म्हणजे अगदी संपायच्या बेतात, २००० मध्ये एन्डेंजर्ड, २०१८ मध्ये व्हल्नरेबल, म्हणजे धोका कमी झाला, गेला नाही. मलाही आनंद झाला होता. पण ती कितीतरी माणसं वर्षानुवर्षं राबली म्हणून बदलली. जेराल्ड ड्युरेल, इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर प्राणिसंग्रहालय काढणारे लेखक, १९७६ मध्ये मॉरिशसला गेले, थोडे पक्षी पकडून त्यांच्या त्या प्राणिसंग्रहालयात आणि मॉरिशसमध्येच ब्लॅक रिव्हरला पिंजऱ्यांत वाढवायला सुरुवात झाली. कार्ल जोन्स नावाचा वेल्सचा तरुण १९७९ मध्ये मॉरिशसला गेला आणि कित्येक वर्षं तिथेच राबला. पिंजऱ्यातली जोडपी अंडी नीट उबवेनात, तर अंडी काढून साध्या पाळीव होल्यांच्या पोटाखाली ठेवली, त्यांनी परक्यांची पिल्लं वाढवली. हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी येतं, तुमच्या नाही आलं तर पुढे वाचू नका.

बरं. परत त्या बेटावर येते. आईने पर्समधून चिवड्याचं पाकीट काढलं. ठाण्याच्या आमच्या गॅलरीत तिने वर्षानुवर्षं मूठ मूठ ज्वारी टाकलीय, त्यामुळे हात आपोआप गेला. तो पोरगा पटकन पुढे आला, तिचा हात हलकेच धरला आणि म्हणाला, "नको आजी." बस, दोनच शब्द. मग इंग्रजीत मला सांगितलं की यांच्या पिल्लांना ट्रायकोमोनस नावाच्या परजीवीमुळे घशाचा एक आजार होतो, घसा सुजून बंद होतो, पिल्लू भुकेने मरतं. तो बाहेरून आणलेल्या दुसऱ्या होल्यांकडून पसरतो. तिथे हे पक्षी सांभाळणाऱ्या संस्थेची माणसं ठरवलेलं खाणं ठरलेल्या ठिकाणी ठेवतात, कोणी यायचं आणि पाकीट उघडायचं असं चालत नाही. आई एक शब्द बोलली नाही. पाकीट परत ठेवलं. ठाण्यात आल्यावर गॅलरीतली ज्वारीची वाटी पण तिने उचलून ठेवली, मी काही सांगितलं नव्हतं.

आता त्या ग्रुपवरच्या गृहस्थांना उद्देशून, तुम्ही हे वाचत नसाल तरी. हो, आपल्याकडच्या पारव्यांच्या विष्ठेने फुफ्फुसाचे आजार होतात, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना खोकला आहे, मी नाकारत नाही. पण त्याचा राग या पक्ष्यावर का काढता? आपला राज्यपक्षी हरियलसुद्धा याच कुळातला आहे, तोही तुमच्या लेखी कबुतर ते कबुतरच का?

आणि "वाचलाय" वाल्यांनी हेही ऐकावं. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी जीन्स तपासून सांगितलंय की इतक्या थोड्या पक्ष्यांपासून परत वाढ झाल्यामुळे आतली विविधता कमी होत चाललीय, बाहेरच्या प्राणिसंग्रहालयांतल्या पक्ष्यांचं रक्त मिसळलं नाही तर ५० ते १०० वर्षांत हा पक्षी संपू शकतो. आता रानात काही शेचा आकडा दिसतो, पण पोटात ती जुनी दहाचीच गोष्ट चालू आहे. मी त्या पोराला तेव्हाच विचारलं होतं, आता सगळं ठीक ना? त्याने बराच वेळ फांदीकडे बघितलं आणि म्हणाला, खाणं ठेवणारे आणि उंदीर पकडणारे लोक रोज येतात म्हणून ठीक.

एवढा पैसा माणसांवर खर्च करावा असंही म्हणणारे येतील. म्हणू देत. रान माणसांनीच तोडलं, मुंगूस माणसांनीच नेला, मग उंदरांचे सापळे तरी कोणी लावायचे? संताप येतोय लिहिताना, थांबते.

आई आत्ता बाजूला येऊन बसली. तिला मगाशी सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, त्या पोराने "नको आजी" म्हटलं ते लिहिलंस ना? लिहिलं म्हटलं. मग म्हणाली, फोटो टाक, पण जोडवी दिसतील असा टाक.

खाली टाकलाय. उजव्या पायाकडे बघा.