‘कॉम्प्युटरला कितीही कर्ज काढा, दोन वर्षात फिटतं’ हे खरं नाहीये

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, आमच्या घरच्या ग्रुपवर तर मामांनीच टाकला. त्यात म्हटलंय की पोरांना कॉम्प्युटर इंजिनीअरिंगलाच घाला, फी कितीही असू दे, दहा लाख कर्ज म्हणजे पोराचं एका वर्षाचं पॅकेज, दोन वर्षात फिटतं, व्याज सरकार भरतं, टॅक्समध्ये सूट मिळते, बाकी ब्रँचला पैसे घालवू नका. मामा हे वाचून मामेबहिणीच्या मॅनेजमेंट कोट्यातल्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या सीटसाठी दोन एकर गहाण टाकायला निघालेत म्हणून बसून लिहितोय. मी स्वतः कर्ज काढून कॉम्प्युटर केलंय, आज घर त्याच्यावरच चालतं, त्यामुळे शिकवू नका असं मी कुणाला म्हणणार नाही. पण हा हिशोब चुकीचा आहे.

सगळ्यात आधी ते दहा लाखांचं पॅकेज. कॉलेजच्या गेटवर फ्लेक्सवर जो आकडा असतो तो बॅचमधल्या एका-दोन पोरांचा असतो. ज्या मोठ्या आयटी सर्व्हिस कंपन्या शेकड्याने मुलं उचलतात त्यांचं फ्रेशरचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास आहे, आणि दहा-बारा वर्षांपूर्वीही ते तीन-सव्वातीन होतंच, फी मात्र तिथे थांबली नाही. बरं ऑफर लेटर आलं म्हणजे पैसे आले असंही नाही, २०२३ च्या फेब्रुवारीत विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या मुलांना साडेतीन लाखांवर येता का म्हणून विचारलं होतं, पेपरात सगळं आलं होतं.

मग खरा आकडा कुठे बघायचा, तर एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगला जी कॉलेजं भाग घेतात त्यांना आपली माहिती वेबसाइटवर टाकावी लागते. त्या पीडीएफमध्ये चार आकडे शोधा, किती मुलं घेतली, किती वेळेत पास झाली, किती प्लेस झाली आणि प्लेस झालेल्यांचा मेडियन पगार किती. मेडियन म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर मधोमध उभ्या असलेल्या पोराचा पगार. आणि हे लक्षात घ्या की ज्यांना नोकरी लागलीच नाही ते त्या ओळीत नसतातच, शिवाय हा आकडा बहुतेक ठिकाणी अख्ख्या कॉलेजचा असतो, एकट्या कॉम्प्युटरचा नाही.

आता ‘दोन वर्षात फिटतं’. समजा दरवर्षी २ लाख असे चार वर्षात ८ लाख उचलले, व्याज साडेदहा टक्के. कोर्स संपेपर्यंत आणि वर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. पहिल्या २ लाखांवर पाच वर्षांचं, दुसऱ्यांवर चार, मग तीन, मग दोन, सरळ व्याज धरलं तरी २ लाख ९४ हजार. म्हणजे हप्ता सुरू होताना डोक्यावर १० लाख ९४ हजार. ते दोन वर्षात फेडायचं तर महिन्याला ५० हजार ७०० च्या वर हप्ता बसतो आणि ३ लाख ३६ हजारांच्या पॅकेजमध्ये पीएफबिएफ कापून हातात येतात २२-२४ हजार! दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता १४,७६० च्या आसपास, एकूण भरणा १७ लाख ७० हजारांच्या वर. उरलेल्या सात ते नऊ हजारात पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं, मेस भरायची आणि घरी काय पाठवायचं?

व्याज सरकार भरतं हे अर्धवट आहे. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या योजनेत कोर्स आणि वरच्या एका वर्षाचं व्याज माफ होतं, पीएम विद्यालक्ष्मीमध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर ३ टक्क्यांची सवलत आहे, पण ती ठराविक संस्थांच्या यादीपुरती. हप्ते सुरू झाले की पुढचं सगळं व्याज आपलं. आणि हे आपोआप होत नाही. मी २०१३ ला वर्षाला १ लाख असं ४ लाख घेतलं, बारा टक्क्याने. उत्पन्न मर्यादेत बसत होतं, पण तहसीलदाराचा दाखला बँकेत द्यायचा असतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. नोकरी लागल्यावर पहिलं स्टेटमेंट आलं त्यावर ५ लाख ६८ हजार होते, बाबा चष्मा लावून तो कागद उलटापालटा करत म्हणाले, दुसऱ्याचा आलाय बहुतेक. जामीन म्हणून सही त्यांचीच होती. सात वर्ष महिन्याला दहा हजार भरत होतो.

टॅक्सची सूट म्हणजे ज्याला ८०ई कलम म्हणतात ती, ती फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये आणि फक्त कर्जाच्या व्याजावर. साडेतीन लाखवाल्याला टॅक्सच लागत नाही तर सूट कशातून मिळणार?

बाकी ब्रँच वाया हेही नाही, त्याच सर्व्हिस कंपन्या ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स), मेकॅनिकल सगळ्यांनाच परीक्षेला बसवतात. उलट २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे इंजिनीअरिंग कॉलेजांना मान्यता देणाऱ्या परिषदेने, जागांवरची मर्यादा काढली आणि कॉलेजांनी कॉम्प्युटरच्याच जागा वाढवल्या, तेव्हा फक्त ब्रँचच्या नावावर नोकरी मिळेल हे विसरा.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो मेसेजमध्ये जे नाही त्याचा. राज्यात २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीमधल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण ॲडमिशन कॅपमधून, म्हणजे सीईटीच्या मार्कांवर होणाऱ्या सरकारी फेऱ्यांमधून असेल तरच. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. आमची मामेबहीण ओबीसी आहे, सीईटीला मार्क बरे आहेत, यादीत तिला घराजवळच्या बऱ्या कॉलेजला आयटी लागू शकतं आणि तिथे भरायची राहील ती वरची किरकोळ फी नि हॉस्टेल. तीच पोरगी एजंटकडून मॅनेजमेंटच्या सीटवर गेली तर पूर्ण फी आणि वर दोन एकरांवर बोजा, शिकणार तेच जावा आणि डेटा स्ट्रक्चर.

काल रात्री मामांना फोन लावला, म्हटलं मामा, तुम्ही सीट बुकिंगचे ५० हजार उद्या देऊ नका, पहिल्या फेरीची यादी लागू द्या, तोवर मी उत्पन्नाच्या दाखल्याचं बघतो. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, सातबारा काढून आणलाय रे कालच. म्हटलं राहू द्या घरात.