म्हणे पूर्वी माणसं शंभर वर्षं जगायची!

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज. आपले पणजोबा-पणजी चुलीवरचं खायचे, विहिरीचं पाणी प्यायचे, डॉक्टरची पायरी चढायचे नाहीत आणि ठणठणीत शंभर वर्षं जगायचे. खाली सगळ्यांचे जोडलेले हात आणि फुलं. एरवी मी सोडून देते, आज डोकंच फिरलं.

कुणाचे पणजोबा हो? १९११ ते १९२१ च्या दशकात या देशात जन्माला येणाऱ्या मुलाचं सरासरी आयुर्मान जेमतेम वीस वर्षं होतं. वीस! शंभरी गाठलेला एखादा म्हातारा गावात असायचा म्हणून तर त्याची गोष्ट उरली, बाकीच्यांची गोष्ट सांगायला कुणी राहिलंच नाही.

आमच्या आजीची आई, घरात तिला सगळे बय म्हणायचे, रत्नागिरीकडून लग्न होऊन लालबागला आली. दहा बाय दहाची खोली, त्यात नवरा, दीर, गाववाले, आणि बय स्वतः मिलमध्ये वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर. आठ बाळंतपणं झाली, जगली तीन. बाकीची पाच कशाने गेली असं आजीला विचारलं की ती म्हणायची, "ताप आला नि गेली." पाच पोरं आणि एवढंच एक वाक्य.

आणि सरकारी दप्तरातही तेच. मरणाच्या नोंदीत 'ताप' हा एक मोठा रकाना असायचा, ज्याचं कारण कळलं नाही तो त्यात. आपल्याला आठवतो तो प्लेग, १८९६ ला मुंबईच्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी ओळखलेला, मग वर्षामागून वर्षं परत येत राहिलेला. पटकी आठवते, देवी आठवते, १९१८ चा इन्फ्लुएन्झा आठवतो. पण साथ नसलेल्या वर्षीही माणसं मरतच होती, ताप, छातीचे विकार, जुलाब, क्षय. त्याची ना बातमी ना इतिहास.

१९२१ ची मुंबई घ्या. जन्मलेल्या हजार मुलांमागे साडेसहाशेच्या वर मुलं वर्षाच्या आत गेली असा नोंदींचा आकडा आहे. आता कुणी लगेच म्हणेल की बायका बाळंतपणाला गावी जायच्या, जन्म तिकडे नोंदला जायचा आणि मृत्यू मुंबईत, म्हणून आकडा फुगलाय. बरोबर आहे, फुगलाय, मान्य. बयसुद्धा पहिल्या वेळी गावीच गेली होती, मूल घेऊन परत आली नि त्याच पावसाळ्यात ते गेलं. पण त्याच वर्षीचे खोल्यांप्रमाणे आकडे बघा. एका खोलीत राहणाऱ्यांची मुलं हजारी आठशेच्या वर, आणि चार किंवा जास्त खोल्या असलेल्यांची दीडशेच्याही खाली. शहर तेच, पाऊस तोच, वर्ष तेच!! गावी जाण्याने एवढा फरक पडत नाही, हा फरक खोलीचा आहे. १९१८ च्या साथीतही तेच, मुंबईत ज्यांची 'खालच्या जातीचे' म्हणून नोंद झाली त्यांच्यात हजारी ६१ च्या वर मृत्यू आणि युरोपियनांमध्ये हजारी ८. मग सांगा, कुठलं शुद्ध हवापाणी?

आता जे लिहितेय ते आमच्या घरात कुणाला आवडणार नाही. बय कामावर जाताना मुलांना बाळगोळी द्यायची. बाळगोळी म्हणजे अफू. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही, चाळीतल्या एका म्हातारीने आजीला खूप वर्षांनी सांगितलं. गिरणगावात सर्रास द्यायच्या, आणि तेव्हाच्या शिकल्या-सवरलेल्या लोकांनी त्यावर लिहिलं ते काय, तर आया अडाणी आहेत. अहो, दहा-अकरा तास मशीनवर उभी राहणारी बाई अंगावरच्या पोराला कुठे ठेवणार? बहुतेक मिलमध्ये पाळणाघर नाही, आणि घरी थांबली की पगार नाही. बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा मुंबईत १९२९ ला आला, त्याच्या आधी मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी त्याची बाजू लावून धरली होती. बयची बहुतेक मुलं तोवर जाऊनही झाली होती. तिने गोळी दिली ती पोर शांत पडावं म्हणून, आपण कामावर असताना कुणीतरी त्याला बघतंय असं तिला वाटावं म्हणून... जाऊ दे.

म्हातारपणी बय खोलीचं दार लावू द्यायची नाही म्हणे. रात्रीसुद्धा, धो धो पावसातसुद्धा. त्यावरून सुनांशी भांडणं व्हायची, चाळीत हसायचे लोक. कुणी डॉक्टरीणबाईने कधी सांगितलं होतं की हवा खेळू दे, की तिला आपलं आपणच कळलं होतं, माहीत नाही. मला वाटतं तिला कळलं होतं.

कारण हवा-उजेड नसला की माणसं मरतात हे कळलेलं सगळ्यांनाच होतं. प्लेगनंतर १८९८ ला मुंबई शहर सुधारायला म्हणून सरकारी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. या ट्रस्टने पाडलं जास्त, बांधलं कमी, गरिबांना उठवून रस्ते काढले, त्यांचं कौतुक मला नाही. पण त्याच ट्रस्टच्या जे. पी. ऑर यांनी १९१२ ला घरातल्या उजेड-हवेवर व्याख्यान दिलं होतं, आणि त्या काळचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम सोप्या भाषेत असा, की इमारत जेवढी उंच त्याच्या निदान निम्मी जागा समोर मोकळी सोडा, म्हणजे तळमजल्याच्या खोलीलाही आभाळ दिसेल.

आणि आता गोवंडी-मानखुर्दला जाऊन बघा. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड. पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर भर दुपारी लाइट लावावी लागते. तिथे टीबीचा आणि या बांधकामाचा संबंध आहे असा अभ्यासही झालाय, पेपरात आलं होतं. औषधं आहेत, ती फुकट मिळतात, हे खरंच मोठं आहे, बयच्या काळात क्षयाला औषधच नव्हतं. पण औषध देऊन माणसाला परत त्याच अंधाऱ्या खोलीत पाठवायचं?

चाळी पाडून टॉवर होतायत, तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या मीटिंगा चालू आहेत. स्क्वेअर फूट किती, पार्किंग किती, कॉर्पस म्हणजे बिल्डर देणारा निधी किती एवढंच विचारू नका. दोन विंगमध्ये अंतर किती आणि दुसऱ्या मजल्यावर ऊन किती वाजता येणार तेही विचारा, लेखी घ्या.