‘गिटारवाल्याने जन्मभर मागेच उभं राहायचं का?’

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली. दिवसभर ती डोक्यातून गेली नाही, म्हणून रात्री शेवटची बॅच सुटल्यावर उत्तर लिहायला बसलोय. चार ओळींत आटोपण्यासारखा हा विषय नाही.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की ज्याला गिटारवर पोट भरायचंय त्याने पहिली दोन वर्षं सोलोच्या, म्हणजे एकट्याने वाजवायच्या चमकदार तुकड्यांच्या, मागे न धावता गाणाऱ्याला साथ करावी आणि लय पक्की करावी. त्यावर तुम्ही लिहिलंत, की हा सल्ला कलाकार मारून कारकून घडवणारा आहे. ‘जिमी हेंड्रिक्स कुणाच्या मागे उभा राहिला होता?’ असा, त्या जगप्रसिद्ध अमेरिकन रॉक गिटारवादकाचं नाव घेऊन, सवाल केलात. साथीच्या नावाखाली मुलांना फुकट राबवून घेतात आणि त्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, असंही सुनावलंत. हा लेख बारावीतल्या भाच्याच्या हाती पडू देणार नाही, हे शेवटचं वाक्य.

तिसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. तो लेखात यायलाच हवा होता. त्याच्याकडे येतो, पण आधी हेंड्रिक्स.

तो मागे उभा राहिला होता. 1962 मध्ये अमेरिकन लष्करातून बाहेर पडल्यावर त्याने जवळजवळ चार वर्षं हेच काम केलं. 1964 मध्ये तो आयस्ली ब्रदर्स या गायकबंधूंच्या ताफ्यात होता, नंतर गायक लिटल रिचर्डच्या. गावोगावचे क्लब, रोज रात्री कार्यक्रम, पुढे गायक आणि मागे हा ठेका धरून. सप्टेंबर 1966 मध्ये तो लंडनला गेला आणि मग जगाला माहीत असलेला हेंड्रिक्स सुरू झाला. त्याच्या वाजवण्याकडे नीट लक्ष दिलंत तर ती चार वर्षं ऐकू येतात. अंगठा मानेवरून वळवून जाड तारेवर खर्ज धरायचा आणि मोकळ्या बोटांनी कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) आत छोट्या छोट्या जागा घ्यायच्या, ही त्याची खासियत. कॉर्ड कुठे आणि सूर कुठे हे वेगळं काढताच येत नाही. त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं, ही गोष्ट लोक नेहमी सांगतात आणि ती खरी आहे. पण शाळा त्याची झाली होती. ती साथीची शाळा होती.

आता माझा अनुभव सांगतो, कारण माझं मत पुस्तकातून आलेलं नाही. बावीस वर्षांचा असताना मला पुण्यातल्या एका स्टुडिओत अभंगांच्या रेकॉर्डिंगला बोलावलं. तोपर्यंत मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये सोलो वाजवून भरपूर टाळ्या घेतल्या होत्या. भजनी ठेका, आठ मात्रा, चार कॉर्ड. यात अवघड काय असणार? हेडफोन लावले, लय दाखवणारा क्लिक सुरू झाला, वाजवलं. रेकॉर्डिस्टने पुन्हा घ्यायला लावलं. पुन्हा वाजवलं. पुन्हा घ्या. पाचव्या वेळी त्याने मला काचेच्या पलीकडे बोलावलं, तबला आणि बाकी सगळं बंद केलं आणि फक्त माझी गिटार क्लिकसोबत ऐकवली. स्क्रीनवर उभ्या रेषा होत्या, मात्रांच्या. मुखड्यात माझा प्रत्येक आघात रेषेवर बसत होता. अंतऱ्याच्या अलीकडच्या आवर्तनात मात्र आघात रेषेच्या आधी पडायला लागले, आधी केसभर, मग स्पष्ट दिसण्याइतके. प्रत्येक टेकमध्ये, त्याच जागी. ‘अंतरा दिसला की तू धावतोस,’ तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्या अभंगावर शेवटी दुसऱ्याच कुणाची गिटार लागली.

त्या रात्री मी केलेला अभ्यास आजही करतो आणि विद्यार्थ्यांना देतो. गाणं मिनिटाला 120 मात्रांच्या लयीचं घ्या. मेट्रोनोम, म्हणजे लयीची टिकटिक देणारं यंत्र, 120 वर न लावता 30 वर लावा. म्हणजे चार मात्रांत क्लिक एकदाच वाजेल, समेवर. दोन क्लिकमध्ये दोन सेकंदांची पोकळी असते आणि मधल्या तीन मात्रा आपल्या आपण सांभाळायच्या. पहिल्या दिवशी सम हातातून निसटते. पंधरवड्याने निसटायची थांबते. महिन्याभराने तबलजी न सांगता म्हणतो, ‘आज बरं वाटलं तुझ्याबरोबर.’ वेगात सोलो वाजवताना हा दोष झाकला जातो, कारण सुरांचा इतका पाऊस पडत असतो की एखादा थेंब आधी पडला तर कळत नाही. चार कॉर्डच्या ठेक्यात लपायला जागाच नसते.

आणि साथ म्हणजे एवढंच नाही. आपल्याकडचे गायक पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, सांगतात ती हार्मोनियमच्या भाषेत. गिटार शिकलेल्या मुलाला सी, डी, जी कळतं, आणि समोरची गायिका म्हणते, ‘काळी एक द्या.’ काळी एक म्हणजे हार्मोनियमवरची पहिली काळी, सी शार्प. पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून सी कॉर्डचे बोटांचे आकार वापरायचे, की चौथ्या पडद्यावर लावून एचे? पहिल्यात आवाज भरदार येतो, दुसऱ्यात उजळ. गायिकेचा आवाज मंद्राकडे झुकणारा असेल तर तिच्याच जागेत तुमची गिटार गर्दी करणार, मग चौथा पडदा बरा. हा निर्णय घ्यायला दहा सेकंद मिळतात आणि निवेदक तोवर पुढच्या गाण्याचं नाव घेऊन मोकळा झालेला असतो. एका कार्यक्रमात गायकाचा घसा बसला होता. माईकपासून तोंड वळवून तो मला म्हणाला, ‘काळी दोन नको, पांढरी दोन.’ म्हणजे अर्धा सूर खाली. मी पहिल्या पडद्यावरचा कॅपो काढला आणि तेच डीचे आकार मोकळ्या तारांवर धरले. प्रेक्षकांना पत्ताही लागला नाही. असं काम करताना कान जेवढा तयार होतो, तेवढा बंद खोलीतल्या रियाजाने माझा कधीच झाला नाही.

तुम्ही दिलं नाहीत असं तुमच्या बाजूचं एक उदाहरण मीच देतो, आणि ते हेंड्रिक्सपेक्षा वजनदार आहे. पंडित ब्रिजभूषण काबरा. 1967 मध्ये पंडित शिवकुमार शर्मा आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आली. संतूर आणि बासरीच्या मांडीला मांडी लावून त्यात गिटार बसली आहे, आडवी ठेवून सरकपट्टीने वाजवलेली. कुणाच्या मागे नाही. रागसंगीताची मैफल गिटारवर होऊ शकते हे त्यांनी दाखवलं. म्हणजे पुढे बसायचा रस्ता आहे, हे मी नाकारत नाही. फक्त त्या रस्त्यावर उस्ताद अली अकबर खाँसारख्या गुरूकडची तालीम होती आणि वर्षानुवर्षांची साधना होती. माझ्या लेखात मी बोलत होतो ते ज्याला तिशीपर्यंत स्वतःचं घरभाडं गिटारवर द्यायचंय, त्याच्याशी.

मुंबईत हा साथीचा धंदा फार जुना आणि फार मानाचा आहे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याहून आलेल्या वादकांची आणि संयोजकांची एक अख्खी पिढी होती. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा ही नावं जाणकारांना आजही पाठ आहेत. ‘दम मारो दम’ची गिटार 1971 मध्ये ज्यांनी वाजवली ते भूपिंदर सिंग आपल्याला गझलगायक म्हणून माहीत आहेत. वादकाच्या खुर्चीत बसल्यामुळे त्यांच्यातला गायक लहान झाला का? एहसान नूरानी लॉस एंजेलिसला गिटार शिकून आले आणि त्यांनी जाहिरातींच्या जिंगल्सवर काम केलं. तीस सेकंदांत मूड उभा करायचा, समोरच्याला हवा तसा आणि हवा तेव्हा. पुढे शंकर-एहसान-लॉय झाले आणि ‘कट्यार काळजात घुसली’पर्यंत येऊन पोचले. ‘कारकून’ हा शब्द तुम्ही रागात वापरला असेल, पण या माणसांना तो लावताना माझा हात थांबतो.

आता पैसे.

इथे माझ्या लेखात भोक होतं आणि तुम्ही बोट बरोबर तिथेच ठेवलंत. साथ करा म्हणताना फुकट करू नका, हे त्याच वाक्यात यायला हवं होतं. मी स्वतः एका नवरात्रात नऊ रात्री वाजवलं आणि मला पाच रात्रींचे पैसे मिळाले. आयोजक पुढे सहा महिने ‘बघू’ म्हणत राहिला. माझी चूक ही, की मी आकडा तोंडी ठरवला होता आणि आगाऊ काहीच घेतलं नव्हतं. तेव्हापासून निम्मे पैसे आधी, उरलेले शेवटच्या रात्री स्टेजवर चढण्यापूर्वी, आणि ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून. प्रवास आणि जेवण कुणाकडे तेही त्यातच. ‘एक्सपोजर मिळेल’ म्हणणाऱ्याला मी एकच विचारतो: ‘साउंडवाल्याला काय देताय?’ त्याला पैसे मिळत असतील तर गिटारवाल्यालाही मिळायला हवेत.

रेकॉर्डिंगचं गणित वेगळं असतं आणि ते मुलांना कुणी सांगत नाही. स्टुडिओत वादकाला साधारणपणे शिफ्टचे किंवा गाण्यामागे ठरलेले पैसे मिळतात आणि विषय तिथे संपतो. 2012 च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा असा सुरक्षित केला, की तो कराराने लिहून घेता येत नाही. पण गिटारवाल्याने सुचवलेली सुरुवातीची ओळ, जिच्यावरून लोक गाणं ओळखतात, ती संगीतकार म्हणून त्याच्या नावावर आपोआप चढत नाही. म्हणून बँडमध्ये चौघांनी बसून गाणं केलं असेल तर कोणाचा वाटा किती, हे गाणं बाहेर पडायच्या आधी कागदावर आलं पाहिजे. मैत्री आहे तोवरच हे लिहून होतं. गाण्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व हे रचनाकारांसाठी आहे, म्हणून स्वतःची गाणी करणाऱ्याने ते वेळेवर घ्यावं. साथीचे पैसे महिन्याचा किराणा भरतात. स्वतःच्या रचना दहा वर्षांनीही थोडं थोडं देत राहतात. दोन्ही लागतात, आणि दुसऱ्याची सुरुवात पहिल्याच्या जोडीने व्हायला हवी. लेखात हे नव्हतं. आज रात्री त्यात घालतो, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून.

शिकवण्याबद्दल तुम्ही काही म्हणाला नाहीत, म्हणून लांबण लावत नाही. माझं निम्म्याहून जास्त घर क्लासवर चालतं आणि त्याचा मला अभिमान आहे.

राहिला भाचा. लेख वाचायला देऊ नका, चालेल. पण त्याची गिटार एकदा बघा. कोकणातल्या घरी असते असं तुम्ही लिहिलंय आणि आता ऑगस्ट आहे. हवेतल्या दमटपणाने लाकूड फुगतं, पुढची फळी वर येते आणि तारा पडद्यांपासून उंच जातात. एफची बार कॉर्ड, जिच्यात एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या असतात, वाजत नाही म्हणून मुलं स्वतःच्या बोटांना दोष देतात आणि कित्येकजण इथेच गिटार सोडतात. बाराव्या पडद्यावर जाड तारेखाली मोजायला सांगा. ॲकूस्टिकला तीन मिलिमीटरच्या बरीच वर उंची असेल तर आधी कारागिराकडे न्या, मग रियाजाबद्दल बोलू.

आणि पुण्याला आला की पाठवा. शनिवारी संध्याकाळी सहाला क्लासच्या खोलीत आम्ही पाच जण बसतो. एक गायिका, तबला, हार्मोनियम, दोन गिटारी. तो हवं तर नुसता ऐकेल, हवं तर वाजवेल, आणि सोलो वाजवावासा वाटला तर तोही वाजवेल. येताना कॅपो आणायला सांगा. बाईंची पट्टी काळी चार आहे.