स्तान्चाकच्या हाताचं कौतुक आता पुरे

यूलियान स्तान्चाक या पोलिश चित्रकाराबद्दल कुठेही वाचायला घ्या, दुसऱ्यातिसऱ्या ओळीत त्याचा निकामी झालेला उजवा हात येतोच. मग "जिद्द असावी तर अशी", खाली हात जोडलेले इमोजी, आणि चित्राबद्दल एक अक्षर नाही. मला याचा खरंच वैताग येतो.

गोष्ट जबरदस्त आहे, नाही कोण म्हणतंय. १९२८ साली बोरोव्नित्सा गावात जन्म, १९४० मध्ये सोव्हिएत लोकांनी अख्ख्या कुटुंबाला उचलून सायबेरियातल्या सक्तमजुरीच्या छावणीत नेलं, तिथे अकरा-बारा वर्षांच्या पोराचा उजवा हात कायमचा गेला, आणि तो उजखोरा होता. १९४२ मध्ये तिथून सुटून इराण, मग युगांडातली निर्वासितांची छावणी, तिथे डाव्या हाताने लिहायला-काढायला शिकला, पुढे लंडन आणि १९५० ला अमेरिका. आपल्याकडच्या लोकांना हा प्रवास ओळखीचा वाटायला हवा, कारण त्याच लोंढ्यातले जवळजवळ पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याला येऊन राहिले होते. १९४३ ते ४८. आजचं गांधीनगर ते. म्हणजे काहींची बोट आफ्रिकेला गेली, काहींची इकडे आली, एवढाच फरक.

पण या माणसाने स्वतः काय केलं ते बघा ना. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात योझेफ आल्बर्स या चित्रकार-शिक्षकाकडे रंग शिकला आणि पुढे साठ वर्षं रेघा, पट्ट्या, चौकोन एवढंच रंगवलं. छावणी नाही, बर्फ नाही, रडणारी आई नाही. तो स्वतःच म्हणायचा की रोज उठून भूतकाळाचा मारा नको होता म्हणून ॲबस्ट्रॅक्टकडे, म्हणजे अमूर्त चित्रांकडे वळलो. इतकं स्पष्ट सांगून ठेवलंय तरी आपण प्रत्येक पट्टीत सायबेरिया शोधत बसतो, हा त्याच्यावर अन्यायच आहे.

त्यापेक्षा काम बघा, कारण काम भयंकर किचकट आहे. कॅनव्हासला एक रंग द्यायचा, त्यावर टेप लावायची, ठरावीक पट्ट्या सोलायच्या, पुढचा रंग, परत सोलायच्या, परत रंग, आणि सगळी टेप निघेपर्यंत चित्र नक्की कसं झालंय ते त्यालाही दिसायचं नाही!! म्हणजे सगळा हिशोब आधी डोक्यात. टेप हव्या तेवढ्या बारीक कापायला यंत्र पण स्वतःच बनवलेलं. आणि शेजारशेजारच्या रेघांमध्ये रंग इतका हळू सरकतो की लांबून मधेच उजेड पेटल्यासारखा वाटतो, जवळ गेलात तर साध्या सपाट रेघा. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्यातून जो धूपछाव तिसरा रंग दिसतो ना, तो प्रकार. रंग कॅनव्हासवर नाही, आपल्या डोळ्यात मिसळतो.

१९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या मार्था जॅक्सन गॅलरीत त्याचा शो झाला, नाव 'ऑप्टिकल पेंटिंग्ज', आणि त्याच सुमारास 'ऑप आर्ट' (रेघा-रंगांनी डोळ्यांना चकवणारी चित्रं) हा शब्द सगळीकडे झाला. पुढच्या वर्षी म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधलं मोठं प्रदर्शन, मग तेच डिझाइन फ्रॉकवर, आणि लगेच समीक्षक म्हणायला लागले की ही नुसती डोळ्यांची करामत. फॅशन आली तशी गेली. हा मात्र क्लीव्हलँडच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये १९९५ पर्यंत शिकवत आणि रंगवत राहिला, २०१७ ला गेला. मला विचाराल तर करामत म्हणणाऱ्यांनी आणि जिद्द जिद्द करणाऱ्यांनी सारखाच आळस केलाय, चित्रासमोर पाच मिनिटं कोणी उभंच राहिलं नाही.

आणि प्लीज मोबाईलवर बघून मत बनवू नका, स्क्रीनवर त्या बारीक रेघा नुसत्या थरथरतात, चक्कर आल्यासारखं होतं, रंगाचा पत्ता लागत नाही. ओहायोत आपले भरपूर मराठी लोक आहेत, त्यांच्यासाठी : क्लीव्हलँड डाउनटाउनमध्ये कार्टर मॅनॉर नावाच्या उंच बिल्डिंगच्या भिंतीवर त्याचं १९७३ चं म्युरल आहे, मधल्या काळात नाहीसं झालं होतं, २०१८ ला पुन्हा रंगवलं. कोणी जाणार असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका. सेल्फी नको, भिंत अख्खी येऊ द्या.