सोळा तासांचा मुहूर्त

रिचार्जेबल पेन्सिल सेल घेतले की पैसे वाचतात, हे खरं. वेळेचा हिशेब मात्र दुकानदार सांगत नाही. सेलची क्षमता २००० मिलीअँपिअर-तास, आमच्या साध्या चार्जरचा करंट २०० मिलीअँपिअर. दहा तासांत काम व्हावं की नाही? नाही. थोडी वीज सेल तापवण्यात जाते, म्हणून सेलच्या पोटावर बारीक अक्षरांत ‘१६ तास’ छापलेलं असतं. सकाळी सातला लावले तर रात्री अकराला काढा, म्हणजे घर घोरत असताना. रात्री दहाला लावले तर दुपारी दोनला काढा. तेव्हा मी आणि बायको दोघंही ऑफिसात, आणि आई विजेच्या वस्तूला हात लावत नाही. गुरुजींनाही असा मुहूर्त काढता येणार नाही.

चार्जरवर लाल दिवा आहे. सेल रिकामा असो की तुडुंब, तो लालच. सेल भरले की आपोआप थांबणारे चार्जर मिळतात, पण त्यांची किंमत ऐकली की वाचणारे पैसे दिसेनासे होतात.

त्यातून भरलेला सेल आणि उतरलेला सेल दिसायला सख्खे जुळे. मी ‘भरलेले’ आणि ‘रिकामे’ अशा दोन डब्या केल्या. चिरंजीव हाताला जी जवळ येईल तीत सेल टाकतात. त्यांना तरी का बोला? आमचे हे रिचार्जेबल सेल निकेल-मेटल हायड्राइड जातीचे; असा सेल नुसता पडून राहिला तरी उतरतो, त्यामुळे महिना-दोन महिन्यांत ‘भरलेले’वाली डबी आपणहून खोटं बोलू लागते.

“अहो, यातले चालणारे कुठले?” या प्रश्नाला आमच्या घरात उत्तर नाही. रिमोटच्या पाठीत धपाटे घालून पाहायचं, बस्स.

बरं, हे सेल मुळातच १.२ व्होल्टचे. साधे १.५ चे. रिमोट चालवून घेतो, पण काही यंत्रं भारी मानी. परवा आईने बीपीचं मशीन दंडाला लावलं आणि हाक मारली, “अरे, लो आलंय!”

मी धावत जाऊन पाहिलं. ‘लो’ होतं ते सेलचं. पण तोवर सूनबाईंनी मीठ-साखर घालून लिंबूपाणी दिलं होतं, आणि ते पिऊन आईला चांगली हुशारीही वाटत होती.